बँकेतून बोलतोय म्हणणारा खरा की खोटा?

प्रश्न : माझे सासरे रिटायर्ड शिक्षक आहेत, पेन्शन बँकेत जमा होते. परवा त्यांना फोन आला की हेड ऑफिसमधून बोलतोय, तुमची केवायसी संपलीय, आज अपडेट नाही केली तर खातं बंद. नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे सगळं बरोबर सांगत होता, ट्रूकॉलरवर पण बँकेचंच नाव. मी मध्येच फोन काढून घेतला म्हणून वाचलो, पण पुढच्या वेळी मी घरी नसले तर? खरा फोन ओळखायचा कसा? आणि चुकून ओटीपी दिला गेलाच तर पैसे परत मिळतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ओळखायच्या भानगडीत पडूच नका. नाव, पत्ता, कार्डाचे आकडे ही माहिती कुठून कुठून फुटलेली असते आणि ट्रूकॉलरवर बँकेचं नाव दिसलं म्हणजे तो बँकेचाच माणूस असं अजिबात नाही. आता बँकांनी असे कॉल 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय, पण सासऱ्यांना एवढं लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा एकच सवय लावा. बँकेचं नाव निघालं की "मी ब्रँचला जाऊन बघतो" म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. खरंच काही काम असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा, गूगलवर शोधून मुळीच नाही, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ठेवलेले असतात.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाइल. वर बँकेचा लोगो असतो, नावात केवायसी असतं, आणि इन्स्टॉल केली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. तिथे 'अलाउ' दाबलं की मग ओटीपी तोंडाने सांगायची गरजच उरत नाही, तो परस्पर तिकडे जातो, म्हणून "मी तर कुणाला काहीच सांगितलं नाही" म्हणणाऱ्यांचे पण पैसे गेलेत आणि ते खरंच बोलत असतात.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू देऊ नका, घरात ओरडतील या भीतीनं म्हातारी माणसं दोन दोन दिवस सांगत नाहीत आणि तेवढ्यात रक्कम चार खात्यांतून फिरून काढली जाते, मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. त्या फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, बँकेला सांगून खातं, कार्ड ब्लॉक करा. रक्कम पुढच्या खात्यात अजून पडून असेल तर ती गोठवता येते.

परताव्याचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन वर्किंग डेजमध्ये कळवलं तर आपल्यावर काहीच येत नाही. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, बँकेनं टोलवाटोलवी केली तर तक्रारीनंतर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाताना तेच कामाला येतं.