डॉकर कंपोज वापरताना डॉट ईएनव्ही या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पासवर्ड बदलून कंटेनर (ॲप ज्या वेगळ्या डब्यात चालतं तो) रिस्टार्ट केला, तरी ॲपला जुनाच का दिसतोय?

रिस्टार्ट नका करू, 'डॉकर कंपोज अप डॅश डी' मारा. व्हेरिएबल्स, म्हणजे पासवर्डसारख्या सेटिंग्ज, कंटेनर बनतानाच आत जातात, रिस्टार्टमध्ये तोच जुना कंटेनर परत उठतो त्यामुळे नवीन व्हॅल्यू त्याला कळतच नाही, अप दिलं की कंपोज बदल ओळखतं आणि कंटेनर नवीन बनवतं. डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रिस्टार्ट कमांडच्या पानावर हे स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचतं कोण, इथे अंबडला आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. तरी नाही झालं तर हे बघा:

- नुसती डॉट ईएनव्ही फाइल फोल्डरमध्ये ठेवून व्हेरिएबल कंटेनरमध्ये जात नाही, ती फक्त कंपोज फाइलमधल्या डॉलरवाल्या जागा भरते. कंपोज फाइलमध्ये 'ईएनव्ही अंडरस्कोर फाइल' किंवा 'एन्व्हायर्नमेंट' खाली द्यावंच लागतं, आणि दोन्हीकडे असेल तर एन्व्हायर्नमेंटवालं चालतं
- 'डॉकर कंपोज कॉन्फिग' मारलं की शेवटी काय व्हॅल्यू लागली ते दिसतं, पासवर्डसकट, म्हणून तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका

मात्र डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याची ऑफिशियल इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो तयार साचा) पासवर्डचं व्हेरिएबल पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचते, नंतर आतला पासवर्ड डेटाबेसमध्ये जाऊन 'ऑल्टर यूझर' कमांडनेच बदलावा लागतो.