तेलाचा हिशेब

नाना पेठ, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गाडीच्या एसीला नवा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बसवला, गॅस वजन करून भरला, तरी गाडी पूर्वीसारखी गार होत नाही, असे तू लिहिलेस. मात्र नव्या कॉम्प्रेसरमधून तेल किती काढले, याचा पत्रात उल्लेख नाही. माझा संशय तिथेच आहे.

नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा संपूर्ण यंत्रणेला पुरेल एवढे तेल भरलेले असते, परंतु गॅसबरोबर फिरून कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), इव्हॅपोरेटर (आतली हवा गार करणारी जाळी) आणि पाइपांत साचलेले जुने तेल गाडीतच राहिलेले असते. म्हणून जुना कॉम्प्रेसर उतरवल्यावर तो उलटा धरून, शाफ्ट हाताने फिरवत, तेल मोजपात्रात निथळू द्यावे. नव्यात 120 मिली असेल आणि जुन्यातून 45 मिली निघाले, तर नव्यातून 75 मिली काढावे. ड्रायर, म्हणजे यंत्रणेतली ओल शोषणारी डबी, नवा बसवावाच. त्यात मुरणारे तेल पुस्तिकेत दिलेल्या मापाने वेगळे घालावे. तेल कमी पडले तर कॉम्प्रेसर जाम होतो हे सगळ्यांना ठाऊक असते. जास्त झाले तर ते इव्हॅपोरेटरच्या आत थर धरून गारवा अडवते, हे मात्र मीही उमेदवारीत एका गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊनच शिकलो.

जुने तेल काळे असेल किंवा त्यात धातूचा चुरा दिसला, तर हा हिशेब लागू नाही. तेव्हा पाइप फ्लश करावेत, म्हणजे आतून धुऊन काढावेत, आणि कंडेन्सर बदलावा, कारण त्याच्या बारीक वाटांतला चुरा धुऊन निघत नाही.

एसीच्या कॉम्प्रेसरमधले पीएजी तेल हवेतील ओल शोषते, त्यामुळे पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नये. व्हॅक्यूम मारताना, म्हणजे गॅस भरण्यापूर्वी पंपाने आतली हवा ओढून काढताना, मीटरचा काटा 28 इंचांच्या आसपास थांबला म्हणून गळती शोधत बसू नकोस. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्यामुळे इथे हवेचा दाबच कमी असतो आणि तो तीसपर्यंत जायचाच नाही. गळती आहे का हे कळायला पंप बंद केल्यावर काटा मागे येतो का, ते पाहावे.

जुना कॉम्प्रेसर अजून भंगारात गेला नसेल, तर तो आजच निथळव. नव्यावर लिहिलेल्या मापातून निघालेले तेल वजा केलेस की किती जादा गेले ते कळेल. तेल आता सगळीकडे पसरले असल्याने नुसता कॉम्प्रेसर रिकामा करून भागणार नाही. गॅस मशीनने काढून घे, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी गॅसची वाट अरुंद करणारी झडप) सोडव, आणि इव्हॅपोरेटर व कंडेन्सर सुक्या नायट्रोजनने मोकळे करण्यापूर्वी तो आकडा मला कळव.

तुझा,
उस्ताद