माझी नात पंधरा वर्षांची आहे. दोन महिने खोलीबाहेर येत नाही, धड जेवत नाही. सून म्हणते, वयच तसं असतं. आजोबा म्हणून मी तिच्याशी काय बोलावं?

काय बोलावं ते नंतर बघू. घरात कोणाला गप्प बसवायचं, ते आधी ठरवा.

मी ठाण्याला चरईत राहते, लेक नेरुळला. नातू तेव्हा अकरावीत होता, जेईईच्या इंटिग्रेटेड कॉलेजात, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्रच. गणपतीत त्यांच्याकडे गेले तर हा आरतीलाही बाहेर येईना. गौरीजेवणाच्या पंगतीत आमचे व्याही सगळ्यांसमोर म्हणाले, "पाठवा याला ठाण्याला. तिथे आजीही आहे आणि ते हॉस्पिटलही आहे." पंगत खो खो हसली. आमच्या गावात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे आणि हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. ठाणेकरांना तो ऐकायची सवय असते. पण खोलीचं दार उघडं होतं आणि पोरगा आत ऐकत होता. मी म्हटलं, "पाठवाच." विसर्जन झालं आणि त्याला घेऊन ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसले.

माझ्याकडे आल्यावर काय दिसलं ते सांगते, कारण नैराश्य म्हणजे रडणं अशी आपल्या पिढीची समजूत आहे. हा एकदाही रडला नाही. चिडायचा. पंख्याचा स्पीड बदलला तरी अंगावर यायचा. पहाटे चारला जागा, दुपारी दोनला झोपलेला. ज्याला शेजारच्या बिल्डिंगमधल्या गल्ली क्रिकेटचा स्कोअरही लागायचा, त्याला भारताची मॅच चालू आहे हे माहीत नव्हतं. जावई याला आळस म्हणत होते. आळशी मुलाला मॅच बघायला कंटाळा येतो का हो?

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघायला सांगितलं. हे करून घ्याच, कारण थकवा आणि उदासपणा यातूनही येतो. त्याचं बी-१२ कमी निघालं आणि व्याह्यांना केवढा आनंद! "बघा, नुसती व्हिटॅमिनची कमतरता. उगाच वेड्याच्या डॉक्टरची भाषा." पण डॉक्टरांनी बी-१२ची गोळी देऊनही मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिलीच. तिथे लेक आणि जावई दोघांना यावं लागलं. जावई तासभर खाली मान घालून बसले होते. त्यांना काही म्हणत नाही, बाप आहेत.

दर आठवड्याला बोलणं आणि रोज नैराश्यावरची एक गोळी असं सुरू झालं. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. जरा बरं वाटू लागलं तोच दिवाळीला तो नेरुळला गेला आणि व्याह्यांनी गोळी बंद करायला लावली. म्हणे, सवय लागेल. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्याही नसतात. मात्रा हळूहळू उतरवतात. भाऊबीजेला पोराला चक्कर, मळमळ आणि पुन्हा तीच चिडचिड. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली.

आता तो बारावीत आहे. इंटिग्रेटेड सोडलं, साध्या कॉलेजात जातो. मध्येच वाईट आठवडा येतो, जातो. व्याही मात्र नातेवाइकांत सांगत फिरतात की हवापालट झाला म्हणून सुधारला. नेरुळ आणि ठाण्याच्या हवेत असा काय फरक? दोन्हीकडे तीच खाडी.

असो. तुमचा प्रश्न राहिला. "काय झालंय?" असं विचारू नका, तिलाही ते माहीत नसतं. "झोप लागते का? जेवण जातं का?" असं विचारा. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य तर तोंडातूनही काढू नका. आमच्या वेळीही होतं, माझ्या माहेरच्या वाड्यात एकाला माडीवर कोंडून ठेवलेलं मी पाहिलंय. उत्तर आलं नाही तरी रोज ठरल्या वेळी तिच्या खोलीत जाऊन थोडं बसा. वर्तमानपत्र घेऊन बसलात तरी चालेल.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही आणि प्रत्येक गप्प मुलगी आजारी नसते. पण दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं असेल तर वयावर ढकलू नका, आणि तुमचे तर दोन महिने झालेत. जगण्यात अर्थ नाही असं ती काही बोलली, तर सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती हो म्हणाली तर ते गुपित ठेवायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि तुमच्या बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या गोळ्यांचा डबा आजच कुलपात टाका. आपल्या वयाच्या माणसांच्या घरात तो डबा टेबलावर उघडा पडलेला असतो.

सुनेशी मात्र वाद घालू नका. नात अठराच्या आतली आहे, डॉक्टरकडे संमती आई-वडिलांचीच लागते. भांडायचंच असेल तर व्याही आहेत.