लीलावतीचं मूळ पान वर्गात

प्रश्न : ताई, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. अधूनमधून गणिताच्या इतिहासातलं काही सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. पण इंटरनेटवर शोधायला बसलं की एकाच माणसाबद्दल चार ठिकाणी चार गोष्टी. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजण्याच्या पाण्याच्या भांड्यात, मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, हे खरं आहे का? आणि भरवशाची ठिकाणं कोणती? शाळेत प्रोजेक्टर आहे, नेट मात्र कधी असतं, कधी नसतं.

उत्तर : मोत्यापासूनच सुरुवात करते. ‘लीलावती’ हा भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ लिहिला गेला ११५० च्या सुमारास. मोत्याची गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. मधे चारशेहून जास्त वर्षं गेली. खुद्द ग्रंथात ना मोती आहे, ना लग्न. कुठे ‘अये बाले लीलावति’ अशी हाक आहे, कुठे ‘सखे’ आहे. ती मुलगी होती, शिष्या होती की कवीने कल्पिलेली श्रोती, हे त्यावरून ठरत नाही.

तुमच्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि त्या मठाला शके ११२८ मध्ये मिळालेल्या दानाची ही नोंद आहे. लेखात घराण्याची वंशावळ दिली आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर तीत आहे, लीलावती नाही. पण अशा वंशावळींत मुलींची नावं घालत नसत, त्यामुळे ‘नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती’ असंही म्हणता येत नाही. हा युक्तिवाद मुलांपुढे जरूर मांडा. पुरावा कुठवर नेतो आणि कुठे थांबतो, हे गणिताच्या तासाला नाही शिकवायचं तर कधी? मूळ लेख ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापलेला आहे आणि तो खंड इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. शेवटचा थोडा भाग तर जुन्या मराठीत आहे. तो मुलांना मोठ्याने वाचायला लावा, आणि शाळेची सहल पाटणादेवीला जाणार असेल तर त्याआधी वाचा.

आता ठिकाणांबद्दल. माझी कसोटी एकच: त्या पानावरून मूळ ग्रंथापर्यंत, शिलालेखापर्यंत किंवा वस्तूच्या फोटोपर्यंत पोचता येतं का? येत असेल तर ते ठिकाण कामाचं. येत नसेल तर मजकूर कितीही गोड असो, वर्गात नेऊ नका.

इंटरनेट अर्काइव्ह मी सगळ्यात वर ठेवते. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये छापलेली ‘लीलावती’ तिथे आहे, गणेश दैवज्ञांच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेसह, म्हणजे स्पष्टीकरणासह. हे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, ‘ग्रहलाघव’ हा ज्योतिषाचा ग्रंथ लिहिणारे. भास्कराचार्य नियम सांगून पुढे जातात आणि तो नियम का चालतो हे गणेश दैवज्ञ उलगडून दाखवतात, म्हणून टीकेसकटची प्रतच घ्या. संस्कृत अडलं तर कोलब्रुकचं १८१७ चं इंग्रजी भाषांतरही तिथेच आहे.

बेरजेचं पहिलं उदाहरण काढा. भास्कराचार्य विचारतात: हे बुद्धिमती लीलावती, २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारातून वजा करून किती उरतात तेही सांग. श्लोकात हे आकडे शब्दांत आहेत: द्वि, पञ्च, द्वात्रिंशत्, त्रिनवतिशत. पान पडद्यावर लावा आणि मुलांनाच शोधू द्या. बत्तीस आणि द्वात्रिंशत् यांचं नातं त्यांना आपोआप दिसतं. त्रिनवतिशतापाशी मात्र वर्ग अडतो: त्र्याण्णव आणि शंभर हे सुटे धरायचे की मिळून १९३? धरू द्या दोन्ही. बेरीज तशीही ३६० आणि अशीही ३६०, बाकी ९६४०. मग टीका उघडून बघायची. ज्या मुलाला एरवी बेरजेचा कंटाळा येतो तो इथे तावातावाने भांडतो, हे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं आहे.

पायथागोरसचा सिद्धांत शिकवाल तेव्हा ‘लीलावती’तलाच मोडलेला बांबू घ्या. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो कुठे मोडला? उत्तर १२ हात. मग ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या ठिकाणी जाऊन ‘गणिताचे नऊ अध्याय’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा नववा अध्याय दाखवा. तिथे बांबू १० छिर्‍ उंच आहे आणि शेंडा ३ छिर्‍ लांब टेकतो. छिर्‍ हे लांबीचं चिनी माप. आकृती हुबेहूब तीच, रीतही मुलांना येणारीच, फक्त उत्तर अपूर्णांकात येतं: ४ पूर्णांक ११/२०. चिनी अक्षरं आपल्याला वाचता आली नाहीत म्हणून बिघडत नाही. एक, दोन, तीन यांसाठी एक, दोन, तीन आडव्या रेघा असतात, तेवढ्या मुलं ओळखतात. भास्कराचार्यांच्या कित्येक शतकं आधी हा बांबू चीनमध्ये मोडला होता, हे पाहून ‘सगळं आधी आमच्याकडेच’ आणि ‘सगळं तिकडूनच आलं’ ही दोन्ही टोकं आपोआप सुटतात.

नववीच्या अपरिमेय संख्यांसाठी येल विद्यापीठाच्या संग्रहातली बॅबिलोनी मातीची पाटी शोधा. तिचा क्रमांक वायबीसी ७२८९. तळहातात मावेल एवढी ही पाटी साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर चौरस, त्याचे दोन कर्ण आणि कर्णावर साठमान पद्धतीत (दहाऐवजी साठाच्या पटीत मोजण्याच्या) १, २४, ५१, १० असे आकडे कोरलेले आहेत. १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६००० ही बेरीज मुलांना करायला लावा. १.४१४२१२९… येतं. शेजारीच बौधायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन ग्रंथातली रीत मांडा: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे १.४१४२१५६… दोन्हीकडे पहिली पाच दशांश स्थळं बरोबर. एक पाटी मेसोपोटेमियातली, एक सूत्र यज्ञवेदी रचणाऱ्यांचं. दोघांनी ते काढलं कसं, यावर पूर्ण तास जाईल, जाऊ द्या.

चरित्रांसाठी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचं ‘मॅकट्यूटर’ हे संकेतस्थळ पुरेसं आहे. ओकॉनर आणि रॉबर्टसन या दोन प्राध्यापकांनी उभं केलेलं हे काम. हजारो गणितींची चरित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली संदर्भांची यादी. आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर तिथे आहेत. त्यांचा ६१७४ हा अंक वर्गात कधीच वाया जात नाही. ३५२४ घ्या, त्यातले अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि येणाऱ्या उत्तराचं पुन्हा तेच करा: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. गणिताच्या इतिहासात जागा मिळवायला विद्यापीठातली खुर्ची लागत नाही, हे आपल्या शाळांतल्या मुलांना कळलंच पाहिजे. हे सगळं इंग्रजीत आहे. ब्राउझरच्या यांत्रिक मराठी भाषांतरावर विसंबू नका, गणिताच्या संज्ञांची ते पार वाट लावतं. तुम्ही वाचा आणि तुमच्या मराठीत सांगा.

नेटचं म्हणाल तर घरी पीडीएफ उतरवून घ्या, हवी ती दोन-चार पानं चित्र म्हणून पेनड्राइव्हवर ठेवा. पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि छापल्याचं साल असलेलं पानही त्यात असू द्या. मुलांना ते आधी दाखवायचं.

प्रश्न : आमच्या पालकसभेत ‘वैदिक गणित वेदांत आहे, ते इतिहास म्हणून शिकवा’ असा आग्रह होतो. काय उत्तर द्यावं?

उत्तर : शांतपणे खरं ते सांगा. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं ‘वैदिक गणित’ हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातली सोळा सूत्रं अथर्ववेदाच्या उपलब्ध संहितेत किंवा परिशिष्टांत सापडत नाहीत. झटपट गुणाकाराच्या युक्त्या म्हणून शिकवायला माझी काहीच हरकत नाही, मुलांना मजा येते. इतिहास म्हणून नको. गणिती प्रा. श्रीकृष्ण दाणी यांनी यावर सविस्तर लिहिलेलं आहे, ते नेटवर मिळतं. आणि पालकांना प्राचीन भारतीय गणिताचा अभिमान हवाच असेल, तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतली एम. डी. श्रीनिवास, के. रामसुब्रमणियन आणि एम. एस. श्रीराम यांची व्याख्यानमाला यूट्यूबवर दाखवा. शुल्बसूत्रांपासून केरळच्या माधवापर्यंत सगळं मूळ श्लोकांसह आहे. माधवाच्या अनंत श्रेढीवरचं (न संपणाऱ्या बेरजेवरचं) एक व्याख्यान बघितलं की त्या अभिमानाला खरा आधार मिळतो.

प्रश्न : मडगावहून लिहितो आहे. इंग्रजी नको, मराठीतून वाचायला काय आहे?

उत्तर : मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, गणितावरच्या नोंदी तिथे वाचा. त्यानंतर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६ चं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’, इंटरनेट अर्काइव्हवर. दीक्षित स्वतः शिक्षक होते, आणि जुने ग्रंथ स्वतः तपासून, गणित करून पाहून त्यांनी लिहिलं आहे. पुस्तक जाडजूड आहे, पहिल्या पानापासून सुरू करू नका. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यावरची प्रकरणं आधी घ्या. मराठी सव्वाशे वर्षांपूर्वीची असली तरी सरळ आहे, आठ-दहा पानांत डोळ्यांना सवय होते.