फोटोवरून नाही भाऊ, ठोक्यांवरून

दारव्ह्याकडच्या एका भावाचा प्रश्न आहे: दुसऱ्या दीर्घिकेतला तारा दुर्बिणीतूनही धड दिसत नाही, मग तो जोडीदाराभोवती फिरतो हे सांगतात कशावरून?

तुरीच्या जागलीला बसला असाल तर आठवा. दूरच्या वावरात कोणी टॉर्च गोल फिरवत असला, की माणूस दिसत नाही, पण ठरावीक वेळाने उजेड डोळ्यांवर येतो. न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा मेल्यावर उरलेला घट्ट गाभा, त्याचं तसंच. वजन सूर्याहून जास्त, रुंदी जेमतेम २०-२५ किलोमीटर. जोडीदाराचा वायू तो ओढतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तो वायू ध्रुवांवर नेऊन ओततं, आणि तिथे कोट्यवधी अंशांना तापून क्ष-किरण निघतात. एका गिरकीला एक ठोका.

आता जोडीचं. लहान मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला एसएमसी एक्स-१ हा न्यूट्रॉन तारा घ्या, सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवरचा. ठोका ०.७१ सेकंदाचा. तारा कक्षेच्या पलीकडे गेला की ठोके सुमारे ५३ सेकंद उशिरा येतात, अलीकडे आला की तेवढेच लवकर. हे मागंपुढं होणं दर ३.८९ दिवसांनी जसंच्या तसं. शिवाय प्रत्येक फेरीत तो मोठ्या ताऱ्याआड जातो आणि क्ष-किरण थांबतात, म्हणजे ग्रहणच लागतं. माझ्या मते याहून पक्का पुरावा नाही.

खरा कस लागतो तो देवयानी दीर्घिकेत, २५ लाख प्रकाशवर्षांवर. तिथून क्ष-किरण इतके थोडे येतात की कित्येक ठोके रिकामेच जातात. मग प्रत्येक किरण आल्याची वेळ टिपायची, ती लांब पट्टी सारख्या तुकड्यांत कापायची आणि तुकडे एकावर एक रचायचे. लांबी चुकली तर सगळं सपाट. नेमकी जुळली तर एकाच जागी ढीग उभा राहतो. कक्षेमुळे होणारी उशीर-लवकर आधी वजा करावी लागते, नाहीतर ठोका पुसून जातो. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीच्या साठवलेल्या जुन्या निरीक्षणांतून १.२ सेकंदाचा पल्सर, म्हणजे असे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, असाच हाती लागला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला; त्याची फेरी १.२७ दिवसांची.

एम८२ या दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या एका झगझगीत स्रोताला तर कृष्णविवर समजत होते. २०१४ मध्ये नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीला त्यात १.३७ सेकंदाचा ठोका सापडला आणि तो न्यूट्रॉन तारा ठरला. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, असा नेमाने ठोका तिथून येणार कसा?

लहान मॅगेलन मेघ आपल्याकडून क्षितिजावर येतच नाही. देवयानी मात्र दिसते. वेचणीच्या दिवसांत, अमावस्येच्या आसपास, रात्री नऊ-दहाला धुऱ्यावर उभं राहून डोक्यावर थोडं उत्तरेकडे बघा. पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा पुसट डाग दिसेल, तीच ती.