पिवळे सोयाबीन, काळी नाभी आणि २१ अक्षरांचे आरएनए

प्रश्न : गेल्या खरिपात आमच्या सोयाबीनच्या काही झाडांची पाने आकसून सुरकुतली होती. मळणीनंतर पाहिले, तर त्या वावरातल्या काही पिवळ्या दाण्यांवर काळसर-तपकिरी ओघळ दिसले. बियाण्यात भेसळ असावी, असे सगळे म्हणतात. हे दाणे पेरले तर पुढचे पीकही डागाळलेलेच येईल का?
— एक शेतकरी वाचक, जि. लातूर

उत्तर : भेसळीचा निष्कर्ष काढण्याआधी एक दाणा तळहातावर घेऊन नीट पाहावा. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या खुणेला, म्हणजे नाभीला, जो रंग आहे त्याच रंगाचे ओघळ नाभीपासून निघून सालीवर पसरलेले असतील, तर सोयाबीन मोझॅक विषाणूचा संशय सर्वांत आधी घ्यावा. सुरकुतलेली पाने तेच सुचवतात. (डाग जांभळट असेल तर तो एका बुरशीचा असतो; ती निराळी बाब आहे.) दाणा भिजवून साल काढली, तर आतली डाळ नेहमीसारखी पिवळीच निघेल. हा रंग सालीपुरताच का राहतो आणि विषाणू आल्यावरच का उमटतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सोयाबीनच्या रानटी पूर्वजाचे दाणे काळपट असतात. आपल्या पिवळ्या वाणांमधून रंग तयार करणारी जनुके नाहीशी झालेली नाहीत. ती जागच्या जागी आहेत, फक्त सालीत त्यांना गप्प बसवलेले आहे. रंगाच्या साखळीतली पहिली पायरी चाल्कोन सिंथेस नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) घडवते. या विकराच्या जनुकांच्या काही प्रती पिवळ्या सोयाबीनमध्ये एकमेकींसमोर उलट्या दिशेने लागलेल्या आहेत. त्यांच्यापासून निघणारा आरएनएचा धागा (आरएनए म्हणजे जनुकाची नक्कल, चार रासायनिक अक्षरांची माळच) स्वतःवरच दुमडतो आणि दुपदरी होतो. दुपदरी आरएनए दिसला की पेशीतले डायसर जातीचे विकर त्याचे मोजून तुकडे करते, बहुतेक २१ अक्षरांचे. आर्गोनॉट नावाचे प्रथिन असा एक तुकडा हाताशी धरते आणि त्याच्याशी अक्षर-अक्षर जुळणारा संदेशवाहक आरएनए (जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा) सापडला की तो कापून टाकते. संदेशच कापला गेला की विकर तयार होत नाही, विकर नाही म्हणून रंग नाही. मराठवाड्यात घरोघरी माहीत असलेल्या जेएस-३३५ या वाणाची नाभी काळी असते, कारण त्या एवढ्याशा जागेत ही मुस्कटदाबी चालत नाही. म्हणजे नाभीचा तो ठिपका म्हणजे दाण्याचा मूळचा रंग आहे, आणि बाकीचा पिवळेपणा ही लहान आरएनएंची करामत आहे.

आता विषाणूकडे वळू. सोयाबीन मोझॅक विषाणूचे जनुकद्रव्य आरएनएचेच असते, आणि त्याच्या प्रती निघताना तोही काही काळ दुपदरी होतो. झाडाची तीच कात्री त्याच्यावरही चालते; किंबहुना विषाणूंना अडवणे हे या यंत्रणेचे फार मोठे काम आहे. पण विषाणूही तयारीने येतो. त्याच्याजवळ एचसी-प्रो नावाचे प्रथिन असते आणि ते ही यंत्रणा निकामी करते. विषाणूला दाण्याच्या रंगाशी काही देणेघेणे नसते. तो आपला जीव वाचवतो, आणि सुटलेल्या जनुकांमुळे सालीवर ओघळ उमटतात. जपानमधल्या संशोधकांनी २००४ साली हे दाखवून दिले.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की हा डाग पुढच्या पिढीत उतरत नाही, कारण जनुक बदललेले नसते. विषाणू मात्र बियाण्यातून पुढे जाऊ शकतो. डाग असलेल्या प्रत्येक दाण्यात तो असतोच असे नाही आणि स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यात तो नसेलच याची खात्रीही देता येत नाही. त्यामुळे नुसते डागाळलेले दाणे वेचून भागणार नाही. ज्या वावरात सुरकुतलेली झाडे होती तिथले सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवू नये. पुढच्या हंगामात अशी झाडे दिसताच उपटून टाकावीत, आणि मावा हा या रोगाचा वाहक असल्याने त्याच्यावर लक्ष ठेवावे.

जनुके अशी गप्प बसवली जातात, या विषयाचा आरंभच मुळी फुलाच्या रंगातून झाला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० साली अमेरिकेत पेटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून याच चाल्कोन सिंथेसच्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली गेली, तर कित्येक झाडांना चक्क पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली; जादा प्रतीबरोबर मूळचे जनुकही गप्प झाले होते. १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम या संशोधकांनी इंग्लंडमध्ये वनस्पतींतले हे लहान आरएनए प्रत्यक्ष ओळखले. याच क्षेत्रातली २००६ आणि २०२४ ची नोबेल पारितोषिके मात्र सूत्रकृमीवर काम करणाऱ्यांना मिळाली. ती योग्यच होती, तरी पेटुनियाचा मान त्यात राहून गेला असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे आपोआप उगवतात. त्यांची पहिली पाने साध्या बाभळीसारखी बारीक पिसाऱ्याची असतात आणि नंतर लांबट, कोयतीसारखी होतात. एकाच झाडाला अशी दोन तऱ्हेची पाने का? कोयीपासून वाढवलेला आंबा बरीच वर्षे मोहरत नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे का?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपण नेमके पाहिले आहे. आणखी थोडे बारकाईने पाहिलेत, तर मधली पायरीही सापडेल : देठ चपटा-रुंद झालेला आणि त्याच्या टोकाला पिसाऱ्याच्या दोन-चार जोड्या शिल्लक, असे एखादे पान. पुढे पिसारा संपतो आणि उरतो तो चपटा देठ. ज्याला आपण पान म्हणतो ते तेच.

झाडाचे हे बालपण एक लहान आरएनए राखून ठेवतो. त्याचे नाव एमआयआर-१५६ (एमआयआर म्हणजे मायक्रो-आरएनए). सोयाबीनच्या सालीतले तुकडे उलटसुलट प्रतींपासून तयार होतात, तर याच्यासाठी वनस्पतीत खास जनुकेच असतात. रोप कोवळे असताना तो भरपूर असतो आणि प्रौढपण आणणाऱ्या एसपीएल गटातल्या जनुकांचे संदेश दाबून ठेवतो. पाने वाढून साखर तयार करू लागली की त्याचे प्रमाण घटत जाते, एसपीएल प्रथिने डोके वर काढतात, आणि त्यांच्या पाठोपाठ एमआयआर-१७२ हा दुसरा आरएनए वाढून फुलोऱ्याची वाट मोकळी करतो. २०११ साली बाभूळवर्गीय झाडे, निलगिरी, ओक अशा वेगवेगळ्या वृक्षांत तपासणी झाली, तेव्हा पानांचे रूप पालटताना एमआयआर-१५६ उतरत असल्याचे सगळीकडे आढळले.

आंब्याचा मोहर हवामानावर, फांदीच्या पक्वतेवर आणि गेल्या वर्षीच्या फळभारावरही अवलंबून असतो, त्यामुळे सगळे श्रेय एका आरएनएला देता येणार नाही. पण कोयीच्या झाडाला बालपण पुरे करावेच लागते, आणि प्रौढ झाडावरून काढलेली कलमकाडी ते आधीच पुरे करून आलेली असते. कलम लवकर फळते ते यामुळेच.

भातशेती करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काही भातवाणांत एसपीएल-१४ या जनुकात एमआयआर-१५६ जिथे जुळतो तिथलेच एक अक्षर बदललेले सापडले. कात्रीची पकड तेवढ्याने सैल झाली, फुटवे कमी झाले, पण खोड दणकट आणि लोंबीत दाणे अधिक. २०१० साली हे प्रसिद्ध झाले.

प्रश्न : कलमात वरची डोळकाडी आणि खालचा खुंट यांच्यात अन्नपाण्याखेरीज काही निरोप जातो का?
— एक रोपवाटिकाचालक, जि. पुणे

उत्तर : जातो, आणि त्याचा एक पुरावा कलम करूनच मिळालेला आहे. स्फुरद कमी पडू लागले की पानांत एमआयआर-३९९ तयार होतो, आणि अन्नरसाबरोबर तो मुळांपर्यंत उतरतो. मुळांत स्फुरद घेण्यावर लगाम ठेवणारे पीएचओ-२ नावाचे जनुक असते. हा आरएनए त्याचा संदेश कापतो, लगाम सुटतो आणि मुळे अधिक स्फुरद ओढू लागतात. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या रोपट्यावर हा प्रयोग झाला. एमआयआर-३९९ मुद्दाम जास्त बनवणारा शेंडा साध्या मुळांवर बांधला, तर तो आरएनए त्या मुळांत सापडला आणि तिथले पीएचओ-२ दबलेले दिसले.