इंजिनचा आवाज कधी येतो, ते आधी सांगा
वाचकांचे प्रश्न : गाडी आणि देखभाल

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक २०१२ ची आहे, १.२ लिटर, १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. मागाहून सीक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. दर आठवड्याला कोंढव्याहून बोपदेव घाटाने सासवडला जाणं होतं. चौघे बसलेले, एसी चालू आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असली की चढावर डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. पाय उचलला की बंद. सीएनजीवर येत नाही, पेट्रोलवरच येतो. गॅरेजवाले म्हणतात बेअरिंग गेलं, इंजिन खोलून हाफ इंजिनचं काम करा. करू का?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : एवढ्यात नको. बेअरिंगला गाडी कशावर चाललीय ते कळत नाही. ते झिजलं असतं तर सीएनजीवरही वाजलं असतं. तुमचा आवाज जळणाचा आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते, पण ती पोहोचायच्या आत इंजिनच्या सिलेंडरच्या कडेचं पेट्रोल-हवेचं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून भडकतं. त्या धक्क्याचा हा खडखडाट. यालाच इंजिन ठोकणं (नॉकिंग) म्हणतात. सीएनजीचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून न भडकण्याची ताकद, १२० च्या पुढे असल्याने तिथे हे सहसा होत नाही. कमी आरपीएमवर जोर मागितला की सगळ्यात जास्त होतं, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत बोपदेव दुसऱ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमच्या आसपास चढा.

खात्री करायची सोपी चाचणी आहे. पेट्रोलची टाकी जवळपास रिकामी होऊ द्या आणि पॉवर ९९ किंवा एक्सपी १०० या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलपैकी एखादं पाच लिटर भरून तोच घाट, तीच माणसं, तोच गिअर. आवाज गेला किंवा बराच उतरला, तर दोष जळणाकडे. नेहमी तेच भरायचं मात्र कारण नाही. ती चाचणी आहे, इलाज नव्हे.

पहिला संशय टायमिंग ॲडव्हान्सरवर, तुमच्या किटबरोबर तो बसवला असेल तर. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ही छोटी डबी ठिणगी काही अंश आधी पाडते. पेट्रोलवर गेल्यावर तिने गप्प बसायला हवं. स्विचिंगची वायर चुकली किंवा डबी बिघडली की पेट्रोललाही आगाऊ ठिणगी मिळते. किटवाल्याकडून ती पूर्ण बायपास करून घ्या आणि घाट चढून बघा. निम्मा वाद इथेच मिटतो.

तसं झालं नाही तर पेट्रोल कमी पडतंय का ते पाहा. सीएनजीवाले टाकीत तळाला पेट्रोल ठेवतात. पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे तो लवकर थकतो. इंजेक्टरही वापराअभावी चिकटतात. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रण जोराखाली ठोकतं. फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या: बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. इंजेक्टर बाहेर काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करा. टाकीत ओतायच्या बाटलीवर फार विसंबू नका. इथून पुढे चौथाई टाकी कायम ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

गाडीच्या कॉम्प्युटरला (ईसीयू) जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा, पाहताना एक गोम लक्षात ठेवा. पेट्रोलवर तो आकडा अधिक १० च्या वर असेल तर इंजिन पातळ चाललंय: कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा पेट्रोल कमी येतंय. पण सीएनजीची मॅपिंग (किती गॅस सोडायचा याची किटमधली सेटिंग) जास्त गॅस सोडणारी असेल, तर ईसीयू ट्रिम उण्यात नेतो आणि पेट्रोलवर आल्यावर तोच उणा हिशोब लावून पेट्रोल कापतो. अशा वेळी पेट्रोलची बाजू चोख असूनही गाडी ठोकते. दुरुस्ती गॅसच्या मॅपिंगची करायची.

प्लग काढाल तेव्हा भिंगातून पोर्सिलेन बघा. त्यावर मिरपुडीएवढे काळे किंवा चंदेरी ठिपके म्हणजे ठोकणं जुनं आणि जोराचं आहे. पांढरंफटक पोर्सिलेन म्हणजे गरम किंवा पातळ. नवे प्लग घेताना हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ते सांगणारा आकडा) मॅन्युअलप्रमाणेच घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात काउंटरवर 'हाच चालतो' म्हणून उलटा प्लग हाती पडायला वेळ लागत नाही.

इंजिनचं ठोकणं ऐकणारा नॉक सेन्सर अलीकडे कुणी खोलला होता का? मधे भोक असलेला चपटा सेन्सर ब्लॉकवर थेट, साधारण २० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. खाली वॉशर घातला किंवा मनगटाच्या जोरावर पिळला तर त्याला ठोका नीट ऐकू येत नाही आणि ईसीयू ठिणगी मागे घेत नाही. रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि थर्मोस्टॅटही त्याच दिवशी बघून घ्या.

ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) मात्र इथे दोष देऊ नका. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो. फक्त त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे आधीच पातळ चालणारं इंजिन आणखी पातळ होतं. आणि ताम्हिणीतून कोकणात उतरल्यावर आवाज वाढला तर दचकू नका: पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्के कमी, म्हणून सिलेंडरमध्येही दाब कमी पडतो आणि इथे ठोकणं थोडं झाकलं जातं.

प्रश्न : २००८ ची पेट्रोल सेडान, २ लाख १० हजार किलोमीटर. इंजिन गरम झाल्यावर २००० आरपीएमच्या आसपास रेस सोडताना खालून जड ठोका येतो. सिग्नलला ऑइलचा दिवा लुकलुकतो. गॅरेजमध्ये जाड ऑइल आणि ॲडिटिव्ह टाकलं, आवाज दबला, परत आला. भोसरीला रोज जावं लागतं.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : उद्यापासून नेऊ नका. ही लक्षणं बिग एन्ड बेअरिंगची, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला) जोडतो तिथल्या बेअरिंगची आहेत. रॉड तुटून ब्लॉक फुटला तर दुरुस्तीला काही उरणार नाही. गॅरेजलाही टो करूनच न्या.

तिथे डिपस्टिक बघून झाली की ऑइलच्या दाबाचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायला सांगा. गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा ढोबळ हिशोब. २००० ला २० च्या खूप खाली असेल तर संशय पक्का. मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढायचा. ज्या सिलेंडरवर ठोका दबतो, रॉड त्याचा. प्लगची वायर काढून हे करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. ऑइल काढल्यावर फिल्टर कापून पाहा: चुंबकाला न चिकटणारी चमकी बेअरिंगची असते.

बऱ्याच गाड्यांत चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा) उतरवून खालूनच शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या, बघता येतात. क्रँकवर चरे नसतील आणि मायक्रोमीटरने जर्नल (क्रँकचा शेल बसतो तो गोल भाग) गोल व मापात भरला, तर नव्या स्टँडर्ड शेलवर भागतं. नाहीतर क्रँक काढून ग्राइंडिंग आणि ०.२५ मिमी अंडरसाइज शेल. ऑइल पंप मोजा, त्याची जाळी (स्ट्रेनर) धुवा. कॅप (रॉडचा खालून बोल्टने बसणारा अर्धा भाग) ज्या रॉडची त्यालाच, त्याच दिशेने.

दोन गोष्टींवर स्वतः उभं राहा. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली ऑइलची भोकं ब्रश आणि हवेने साफ झालीच पाहिजेत. राहिलेली भुकटी नवे शेल काही दिवसांत खाते. आणि ढिलाई मारायला कुणी कॅप कानशीने घासू लागला तर गाडी उचला. भोक अंडाकृती होतं, ठोका परत येतो आणि रॉड बदलायची वेळ येते.

प्रश्न : सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड, मग दिवसभर शांत. काळजी करू का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : आधी सपाट जागी ऑइलची पातळी पाहा. ती ठीक असेल तर फिल्टर. त्यातला रबरी व्हॉल्व्ह रात्रभर ऑइल अडवून धरतो. नकली फिल्टरमध्ये तो धड नसतो, ऑइल खाली उतरतं आणि सकाळी वर पोहोचेपर्यंत इंजिन कोरडं वाजतं. अस्सल फिल्टर आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल टाका. तरी राहिलं तर टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) तपासा. गरम झाल्यावरही बारीक टिकटिक चालू असेल तर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप फीलर गेजने मोजून घ्या.